खाटेभोवती उभे राहणारे एकत्र कधी शिकणार?

महाराष्ट्रात एमबीबीएस करणारी मुलगी आणि बी.एस्सी. नर्सिंग करणारी मुलगी एकाच विद्यापीठाची पदवी घेतात. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा आरोग्याच्या विद्याशाखा त्याच्या छपराखाली आल्या. या दोघींची कॉलेजं पुष्कळदा एकाच आवारात असतात. रुग्णालय तेच, वॉर्ड तेच, रुग्णही तेच. तरी सगळ्या शिक्षणात या दोघी एका टेबलापाशी बसून एकाच प्रश्नावर डोकं चालवताहेत, असं क्वचितच घडतं. त्यांची खरी गाठ पडते ती थेट लेबर रूममध्ये, रात्रपाळीला, बाळंतिणीचं रक्त थांबत नसताना. आपल्या आरोग्यशिक्षणातलं हे फार मोठं वैगुण्य आहे, आणि ते दूर करायला फार मोठा खर्चही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचंच उदाहरण घेऊ, कारण भारतात मातामृत्यूच्या कारणांत रक्तस्राव वरच्या क्रमांकावर आहे. मूल जन्मलं, वार पडली की गर्भाशय आकसून घट्ट होतं. त्या आकसण्यानेच वारेच्या जागच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. ते आकसलं नाही, मऊच राहिलं, तर रक्त वाहतच राहतं. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या बाईला एक लिटर रक्त गेलेलं सोसत नाही. तासभर विचार करायला वेळ आहे, अशी ही परिस्थितीच नव्हे.

त्या वेळी काय काय करायचं हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. एकाने पोटावरून गर्भाशय चोळत राहायचं. एकाने दोन जाड सुया लावून सलाईन सोडायचं आणि त्याच हाती क्रॉसमॅचसाठी रक्त काढायचं. ऑक्सिटोसिन द्यायचं, नाही भागलं तर पुढची औषधं द्यायची. ट्रानेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत गेलंच पाहिजे. मूत्राशय रिकामं करायचं, वार पूर्ण आली का ते तपासायचं, कुठे फाटलंय का ते पाहायचं. किती रक्त गेलं ते मोजायचं, वेळ लिहायची, रक्तपेढीला फोन करायचा, वरिष्ठांना बोलवायचं. आणि दाराबाहेर थांबलेल्या तिच्या आईशी, नवऱ्याशी कुणीतरी बोलायचं. ही कामं एकट्याची नव्हेत. निदान चार-पाच माणसं लागतात, आणि त्यांचे हात एकमेकांना पूरक चालावे लागतात.

यातलं आपापलं काम बहुतेकांना येतं. सिस्टरला सुई लावता येते, इंटर्नला गर्भाशय चोळता येतं, रेसिडेंटला औषधांचे डोस पाठ असतात. अडतं ते दुसरीकडेच. ‘अरे, ऑक्सिटोसिन लावा कुणीतरी’ असं डॉक्टर म्हणतात. ते वाक्य कुणाच्याच नावे नसतं, म्हणून दोघं एकच इंजेक्शन भरायला धावतात आणि रक्तपेढीला फोन करायचं मात्र राहून जातं. बीपी ७० वर आलेलं सिस्टरला दिसतं. ती सांगतेही, पण हळू आवाजात आणि एकदाच. औषध दिलं की नाही, कितीला दिलं, हे पाच मिनिटांनी कुणालाच नक्की सांगता येत नाही. मी हे पाहिलं आहे आणि रुग्णालयात काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलं असेल. सगळे हुशार, सगळे कळकळीने झटणारे, आणि तरी एकमेकांच्या वाटेत येणारे.

नाटकातल्या नटांनी आपापल्या घरी आपापली वाक्यं पाठ करावीत आणि एकमेकांना पहिल्यांदा भेटावं ते थेट प्रयोगाच्या रात्री, असं कुठलीही नाटक मंडळी करणार नाही. आरोग्यशिक्षणात आपण नेमकं तेच करतो. म्हणून मी ज्याचा आग्रह धरतो आहे ती गोष्ट तालमीची आहे: डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांनी खोट्या रुग्णावर, खऱ्यासारख्या प्रसंगात, एकत्र केलेली तालीम. आरोग्यशिक्षणात तिला सिम्युलेशन म्हणतात.

ज्ञान खोलीत हजर असूनही रुग्ण वाचत नाही, याचं एक उदाहरण जगभर शिकवलं जातं. इंग्लंडमध्ये २००५ साली इलेन ब्रोमिली ही तरुण आई सायनसच्या साध्या, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिच्या श्वासनलिकेत नळी जाईना, मास्कनेही हवा आत जाईना. अशा वेळी गळ्यातून थेट श्वासमार्ग उघडायचा, हे वैद्यकाचं ठरलेलं उत्तर आहे. खोलीत अनुभवी भूलतज्ज्ञ होते, कान-नाक-घशाचे सर्जन होते. एका नर्सने ट्रॅकिओस्टॉमीचा संच आणून ठेवला आणि तो तयार आहे असं सांगितलंही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. पण डॉक्टर नळी घालण्याच्या प्रयत्नांत इतके गुंतले की वेळेचं भानच सुटलं. नर्सना काय करायला हवं ते उमगलं होतं, पण ते ठासून कसं सांगावं हे उमगलं नव्हतं. इलेन शुद्धीवर आलीच नाही आणि काही दिवसांनी गेली. तिचे पती मार्टिन ब्रोमिली व्यवसायाने वैमानिक. त्यांनी कुणाला शिक्षा व्हावी अशी मागणी केली नाही. आमच्या क्षेत्रात अशा प्रसंगाचा तपास होतो आणि त्यातून सगळे शिकतात, तसं इथे का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. २००७ मध्ये त्यांनी याच कामासाठी एक गट उभा केला, आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेत या विषयाला त्यामुळे मोठी चालना मिळाली.

वैमानिकांना हा धडा महागात पडून मिळाला होता. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. केएलएमच्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना? कॅप्टनने ठासून ‘हो’ म्हटलं, आणि त्या माणसाने पुन्हा विचारलं नाही. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि पुढे कॉकपिटमधल्या सगळ्यांना एकत्र बसवून सराव देण्याची पद्धत रुळली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने ती भूलशास्त्रात आणली. विमान आणि रुग्ण यांत फरक फार आहे हे मला मान्य आहे. विमान दुरुस्त होऊनच उडतं, रुग्ण आजारी असतो म्हणूनच येतो. पण ज्येष्ठाला कनिष्ठाने टोकायचं कसं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

आपल्याकडे तर तो जास्तच बिकट आहे. आपल्या वॉर्डांमध्ये उतरंड नुसती पदाची नसते. ती जातीची असते, वर्गाची असते, बाई-पुरुषाची असते, इंग्रजी किती येतं त्याची असते. वीस वर्षं लेबर रूम सांभाळलेल्या सिस्टर कालपरवा आलेल्या इंटर्नला ‘सर’ म्हणतात आणि तो त्यांना नावाने हाक मारायचंही शिकत नाही. राउंडला डॉक्टर आले की नर्सिंगच्या विद्यार्थिनी भिंतीला टेकून उभ्या राहतात. ज्या मुलीने तीन वर्षं भिंतीला टेकून उभं राहण्याचाच सराव केला, तिने चौथ्या वर्षी ‘सर, थांबा, बीपी पडतंय’ असं खणखणीत सांगावं, ही अपेक्षा कुठल्या आधारावर करायची? आणि मावशींचं काय? रक्ताने भिजलेली किती फडकी बदलली हे पुष्कळदा फक्त त्यांनाच माहीत असतं. त्यांना कुणी विचारत नाही.

उतरंडीची ही सवय नोकरीत लागत नाही. ती विद्यार्थीदशेत लागते, आणि म्हणून उपायही तिथेच करायला हवा. नोकरीला लागलेल्यांचं प्रशिक्षण व्हावंच, पण तोवर डॉक्टर आणि नर्स यांची एकमेकांबद्दलची मतं पक्की झालेली असतात.

यावर एक आक्षेप अनुभवी शिक्षकांकडून येतो आणि तो मी गांभीर्याने घेतो. विद्यार्थ्याला अजून स्वतःचं काम नीट येत नाही. आधी ते येऊ द्या, मग एकत्र आणा, असं ते म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे हृदयविकाराचा गुंतागुंतीचा प्रसंग ठेवला तर तमाशाच होईल, हे खरं आहे. पण गर्भाशय चोळणं, सलाईन लावणं, छाती दाबून हृदय चालवणं, नवजात बाळाला पुसून ऊब देणं आणि गरज पडली तर पिशवीने श्वास देणं, एवढं शेवटच्या वर्षात दोन्हीकडच्या मुलांना आलेलंच असतं. तालमीला तेवढं पुरतं. स्वीडनमधल्या लिंशॉपिंगला १९८६ पासून आरोग्याच्या वेगवेगळ्या शाखांची मुलं काही भाग एकत्र शिकतात, आणि १९९६ मध्ये तिथे विद्यार्थ्यांनीच मिळून चालवायचा वॉर्ड सुरू झाला. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट होणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्या रुग्णांची जबाबदारी घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या प्रकारच्या शिक्षणाची चौकट मांडली. एका व्यवसायाच्या मुलांनी दुसऱ्या व्यवसायाबद्दल नुसतं ऐकायचं नाही, त्यांच्याकडून आणि त्यांच्यासोबत शिकायचं, हा तिचा गाभा.

प्रत्यक्षात ही तालीम कशी होते ते थोडं तपशिलाने सांगतो, कारण सिम्युलेशन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे परदेशातून आणलेली, डोळे मिटणारी, घाम येणारी महागडी बाहुली येते. बाळंतपणाच्या तालमीला तिची गरज नाही. नॉर्वेतल्या लार्डल यांचा मूळ धंदा खेळण्यांचा. त्यांनी १९६० मध्ये कृत्रिम श्वास शिकवायची बाहुली केली. त्याच घराण्यातून पुढे मामानॅटली नावाचं साधन आलं. ती एक पोटाची पिशवी आहे. एखादी शिक्षिका किंवा विद्यार्थिनी ती पोटावर बांधते आणि बाळंतीण होते. आत बाळ असतं, नाळ असते, वार असते, लाल पाण्याची थैली असते. बाळंतीण झालेली व्यक्ती आतून हाताने गर्भाशय घट्ट किंवा मऊ करू शकते, रक्त कमी-जास्त सोडू शकते. कण्हते, घाबरते, ‘मला चक्कर येतेय, बाळ कुठंय माझं?’ असं विचारते. प्लॅस्टिकची बाहुली हे विचारत नाही. मला हे साधन आवडतं ते याच कारणासाठी. बाईशी बोलण्याचंही काम या चमूचं आहे, हे ती खाटेवरूनच सांगते.

तालीम दहा-बारा मिनिटांची. सुरुवातीला खोलीत एक नर्सिंगची विद्यार्थिनी असते. रक्त वाढलं की ती हाक मारते, इंटर्न येतो, मग आणखी दोघं. हाक कुणाच्या तरी नावे द्यायची, हा पहिला नियम. ‘रेश्मा, ट्रानेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम, शिरेतून, दहा मिनिटांत.’ रेश्माने तेच उच्चारून दाखवायचं आणि दिल्यावर पुन्हा सांगायचं: ‘ट्रानेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम दिलं, दोन वाजून चौदा मिनिटं.’ चमूची सूत्रं हाती घेणाऱ्याने मधूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं की आतापर्यंत काय झालं, रक्त किती गेलं, पुढे काय, आणि माझ्या नजरेतून काही सुटतंय का? हा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे. हळू बोलणाऱ्या माणसाला तो बोलायला जागा करून देतो. वरिष्ठांना फोन करतानाही क्रम ठरलेला असतो: काय घडलं, आधीची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं अशी माझी विनंती आहे. अमेरिकी नौदलातून आरोग्यसेवेत आलेली ही रीत आहे. नर्सला ती ‘मला काय वाटतं’ हे म्हणण्याचा हक्क देते.

आणि मग खरा तास सुरू होतो. सगळे गोल करून बसतात. शिक्षकाने भाषण द्यायचं नाही. ‘तिसऱ्या मिनिटाला तुम्ही थांबलात, तेव्हा मनात काय चाललं होतं?’ असं विचारायचं आणि थांबायचं. नर्सिंगची मुलगी सांगते की मला दिसलं होतं, पण डॉक्टरांना ठाऊक असेलच असं वाटलं. इंटर्न सांगतो की मी वाट पाहत होतो, कुणीतरी मला सांगेल म्हणून. दोघंही एकमेकांच्या भरवशावर गप्प होते, हे त्या क्षणी दोघांनाही कळतं. हे कुठल्याही व्याख्यानाने कळत नाही. म्हणून तालमीपेक्षा दुप्पट वेळ या बोलण्याला द्यावा लागतो, आणि चुकल्याबद्दल तिथे कुणाची टर उडवली जाणार नाही याची हमी शिक्षकाला द्यावी लागते. आपल्याकडे राउंडमध्ये सगळ्यांसमोर पाणउतारा करणं ही शिकवण्याची पद्धत मानली जाते. ती सोडल्याशिवाय ही तालीम करू नये. तशी केली तर उतरंड मोडायच्या ऐवजी पक्कीच होईल.

एवढं करून रुग्ण वाचतात का? पुरावा मजबूत आहे, पण एकसुरी नाही, आणि तो जसा आहे तसाच मांडला पाहिजे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात २००० पासून प्रसूती विभागातल्या सुईणी, प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ सगळ्यांना दरवर्षी एकत्र, आपल्याच रुग्णालयात, तालीम बंधनकारक झाली. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांचं प्रमाण दर दहा हजारांमागे २७.३ वरून १३.६ वर आलं. बाळाचा खांदा अडकण्याच्या प्रसंगी होणाऱ्या इजा ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आल्या. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये शस्त्रक्रियेच्या चमूंना प्रशिक्षण मिळालं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७४ रुग्णालयांमधले मृत्यू १८ टक्क्यांनी घटले. प्रशिक्षण न झालेल्या ठिकाणची घट ७ टक्के होती.

पण ब्रिस्टलचाच कार्यक्रम स्कॉटलंडच्या १२ प्रसूती विभागांमध्ये नेला, तेव्हा जन्मतः निस्तेज असणाऱ्या बाळांचं प्रमाण कमी झालं नाही. हा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी उत्तर प्रदेशात १२० आरोग्यकेंद्रांच्या अभ्यासात निम्म्या केंद्रांना प्रसूतीची तपासणी-यादी आणि तिच्या वापराचं मार्गदर्शन देऊन पाहिलं. कर्मचाऱ्यांचं वागणं सुधारलं, मृत्यू घटले नाहीत. २०१७ चा हा निकाल वाचून अनेकांनी हात टेकले. मी टेकत नाही. याद्या आणि मार्गदर्शन जिथे वरून येतात, तिथे माणसं त्या भरतात. ब्रिस्टलमध्ये तालीम ही त्या लोकांनी स्वतःसाठी उभी केलेली, वर्षानुवर्षं न चुकवलेली, कुणालाही सूट नसलेली सवय होती. मोठ्या डॉक्टरांनाही सूट नव्हती. शिवाय औषध, रक्त आणि वरिष्ठ वेळेवर मिळत नसतील तर तालीम एकटी काय करणार? २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांचा जो अभ्यास आला, त्याने ही गाठ उकलून दाखवली. रक्त मोजायची खुणांची पिशवी, पाठोपाठ नव्हे तर एकदमच द्यायचे उपचार, त्याच लेबर रूममध्ये केलेला सराव आणि तिथल्याच पुढाकार घेणाऱ्या माणसांची साथ, हे सगळं एकत्र आलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत ४.३ टक्के होतं, या रुग्णालयांत १.६ टक्के.

त्या पिशवीची एक बहीण आपल्या शेजारची आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने या शतकाच्या सुरुवातीला बेळगाव जिल्ह्यात मिसोप्रोस्टॉल गोळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा बाळंतिणीखाली अंथरायची, खुणा असलेली प्लॅस्टिकची रक्तमापक चादर वापरली होती. त्या अभ्यासात गोळ्या देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या होत्या गावपातळीवरच्या एएनएम सिस्टर. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं आणि २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. योग्य साधन आणि विश्वास दिला तर एएनएम काय करू शकते, याला परदेशातला दाखला शोधायची गरज नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या निरक्षर, पुष्कळदा दलित बायकांना आरोग्याच्या चमूत बरोबरीची जागा दिली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटवून दाखवले. ही परंपरा महाराष्ट्राची आहे. आपल्या कॉलेजांनी तिचा अभिमान बाळगला, परीक्षेत तिच्यावर प्रश्न विचारले, पण तिच्यातली बरोबरी वर्गात आणली नाही.

आता वर्गाची आजची स्थिती. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात भावी डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यातली एक स्पष्टच आहे: आरोग्यसेवेच्या चमूचा नेता आणि सदस्य. स्किल लॅब बंधनकारक आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमातही सिम्युलेशनला जागा आहे. म्हणजे कागदावर दोन्हीकडे सोय आहे. पण दोन्हीकडे ती वेगवेगळी आहे. मेडिकल कॉलेजची लॅब वेगळी, नर्सिंग कॉलेजची वेगळी, दोन किल्ल्या, दोन वेळापत्रकं. निरीक्षणाच्या वेळी बाहुल्या मोजल्या जातात. त्यांच्याभोवती कोण कोण उभं राहिलं हे विचारलं जात नाही. चमूचा ‘सदस्य’ व्हायला शिकवायचं आणि चमूतल्या बाकीच्यांना खोलीत येऊच द्यायचं नाही, हे कसं जमणार?

आणि महाराष्ट्रात चमू म्हणजे एमबीबीएस आणि नर्स एवढाच नाही. १०८ च्या रुग्णवाहिकेत पुष्कळदा बीएएमएस डॉक्टर असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ते वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतात. उपकेंद्रात एएनएम, गावात आशा. रक्त वाहणाऱ्या बाईला केंद्रातून जिल्हा रुग्णालयात न्यायचं असतं तेव्हा एएनएमने बीएएमएस डॉक्टरांना, त्यांनी रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना, त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या रेसिडेंटला सगळी हकिकत सांगायची असते. प्रत्येक सांगण्यात काहीतरी गळतं: किती वाजता काय दिलं, किती रक्त गेलं. आयुर्वेद कॉलेज आणि बी.एस्सी. नर्सिंग एकाच विद्यापीठाकडे आहेत. एएनएम आणि जीएनएम वेगळ्या मंडळाकडे आहेत. पण जिल्हा रुग्णालयांच्या आवारातच त्यांच्या शाळा असतात. पॅथींच्या वादात मला शिरायचं नाही. तो वाद काहीही असो, रात्री त्या खाटेपाशी हीच माणसं उभी असणार आहेत, आणि त्यांना एकमेकांची भाषा कळलीच पाहिजे.

२०१८-२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. या आकड्याचं श्रेय राज्याच्या आरोग्ययंत्रणेला, आशांना आणि दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांना आहे. पण बायका दवाखान्यात येऊ लागल्या आहेत, तर आता उरलेला प्रश्न दवाखान्याच्या आतला आहे. दार ओलांडून आत आल्यावर त्यांना काय मिळतं, ते आतल्या चमूवर ठरतं.

पैशाची अडचण पुढे करणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे की खर्च बाहुलीचा नाही, शिक्षकाच्या वेळेचा आहे. तालीम घ्यायला आणि नंतरचं बोलणं चालवायला तयार असलेले दोन शिक्षक लागतात, एक डॉक्टर आणि एक नर्सिंगचा. ते दोघं एकमेकांना बरोबरीने वागवताना मुलांना दिसले, तर निम्मं शिक्षण तिथेच होतं. असे शिक्षक तयार करायला वर्ष-दोन वर्षं लागतील. म्हणून आत्ताच सुरुवात करावी लागेल.

दुसरी गोष्ट परीक्षेची. आपल्याकडे जे परीक्षेत येत नाही ते शिकवलं जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एक प्रसंग दोन विद्याशाखांच्या मुलांनी मिळून हाताळायचा आणि गुण दोघांना मिळून द्यायचे, असा नियम आरोग्य विज्ञान विद्यापीठ करू शकतं. परीक्षा घेण्याचा अधिकार त्याच्याचकडे आहे. वेगवेगळ्या राष्ट्रीय परिषदांचे नियम आड येतात असं म्हटलं जाईल. अभ्यासक्रमातल्या भूमिका बदलायची गरजच नाही. त्या कशा तपासायच्या हे ठरवायला विद्यापीठाला पुरेशी मोकळीक आहे.

परीक्षेचा नियम होईल तेव्हा होवो. तोवर एका आवारातल्या मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे: पुढच्या सत्राचं वेळापत्रक दोघांनी एका टेबलावर बसून करा. महिन्यातली एक दुपार दोन्हीकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी सामायिक ठेवा, लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरना शिक्षक म्हणून बोलवा, आणि पहिली तालीम बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची घ्या.